बाँडसाहेब दौऱ्यावर आहेत

जेम्स बाँडचा पहिला चित्रपट 'डॉक्टर नो' पुन्हा लावून बसलं, की सुरुवातीला माणूस नुसता वाट बघत राहतो. आता गाडीतून क्षेपणास्त्र सुटेल, आता घड्याळातून करवत फिरेल, आता पेनाचा स्फोट होईल. काही म्हणता काही होत नाही. गाडी भाड्याची निघते. घड्याळ वेळ दाखवतं. आणि पुढे साठ वर्षं ज्याने पृथ्वीवरची एकही इमारत धड ठेवली नाही, तो बाँड १९६२ साली साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून मुकाट्याने बोलणी खातो.

हा चित्रपट मी पूर्वी पाहिला होता तेव्हा मला त्यात गुप्तहेर दिसला होता. या वेळी सरकारी नोकर दिसला. याचं श्रेय आमच्या सासऱ्यांना. नाना सरकारी लेखापरीक्षक होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, लेखापरीक्षणातून झालेले नाहीत. हॉटेलचं बिल असो की कुणाच्या लग्नातली आहेराची यादी, नानांचं बोट आधी बेरजेवर जातं. त्यांनी आयुष्यात एकही बाँडपट पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत कुठल्याही पूर्वपुण्याईने बिघडलेलं नव्हतं. आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते. रात्री जेवणानंतर मी चित्रपट लावला आणि त्यांनी चष्मा पुसून घातला. लेखापरीक्षक चष्मा पुसतो तेव्हा समोरच्याने कागदपत्रं नीट लावून घ्यावीत. बाँडला ते कसं कळणार?

कथा सुरू होते जमैकात. तीन आंधळे भिकारी काठी टेकत रस्त्याने चालले आहेत. क्लबाबाहेर ते स्ट्रँगवेज नावाच्या गृहस्थाला गोळ्या घालतात आणि लगबगीने शववाहिकेत बसून पसार होतात. हा स्ट्रँगवेज ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा तिथला प्रमुख. त्याची सेक्रेटरी रोजच्या वेळी लंडनशी वायरलेस जोडते आणि बोलणं सुरू व्हायच्या आत तिचाही निकाल लागतो. लंडनला कळतं ते एवढंच, की किंग्स्टन मध्येच बंद पडलं. 'म्हणजे रोजचा अहवाल आला नाही म्हणून चौकशी सुरू झाली,' नाना म्हणाले. 'चांगलं खातं आहे. आमच्याकडे अहवाल आला की चौकशी सुरू व्हायची.'

मग बाँडचा शोध. तो सापडतो लंडनच्या एका उंची जुगारी क्लबात. दिग्दर्शक टेरेन्स यंग त्याचा चेहरा लगेच दाखवत नाहीत. पाठ दिसते, पत्ते धरलेला हात दिसतो, सिगारेटची डबी दिसते. समोर लाल पोशाखातली बाई हरते आहे आणि हरतानाही ऐट सोडत नाही. बाँड तिचं नाव विचारतो. ती सांगते, 'ट्रेंच. सिल्व्हिया ट्रेंच.' मग ती त्याचं विचारते. आता चेहरा दिसतो, तोंडात सिगारेट, डोळ्यांत झोप, आणि तो सांगतो, 'बाँड. जेम्स बाँड.' जगभरच्या पोरांनी आरशासमोर जे वाक्य घोटलं, ते मुळात त्या बाईची नक्कल आहे. तिने आडनाव आधी सांगितलं म्हणून याने सांगितलं. ती 'सिल्व्हिया ट्रेंच' असं सरळ म्हणाली असती तर हाही सरळ 'जेम्स बाँड' म्हणाला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. नानांना त्यात काही विशेष वाटलं नाही. 'हजेरीपटावर आडनाव आधीच असतं,' ते म्हणाले. 'पण हा गुप्तहेर ना? मग खरं नाव कशाला सांगतोय?' हा प्रश्न नंतरच्या चोवीस चित्रपटांत एकाही खलनायकाला पडलेला नाही. पडला असता तरी उत्तर बाँडने ओळख करून देतानाच देऊन टाकलं असतं.

पहाटे तीनला कचेरी. बाहेरच्या टेबलावर मिस मनीपेनी हजर आहे. त्या वेळी ती तिथे का आहे हे कुणी विचारत नाही, आणि ओव्हरटाइमचा तर विषयच निघत नाही. आत साहेब. साहेबांचं नाव एम. एवढंच. ते विचारतात, झोपतोस कधी? बाँड सांगतो, कचेरीच्या वेळेत कधीच नाही. इथे नाना पहिल्यांदा हसले.

आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी हा सबंध चित्रपट पुन्हा बघावा. साहेब म्हणतात, तुझं पिस्तूल दाखव. बाँड काखेतून बेरेटा काढून देतो. गेल्या कामगिरीत हेच पिस्तूल ऐन वेळी अडकलं आणि बाँड सहा महिने रुग्णालयात पडला होता. साहेब शस्त्रभांडाराच्या मेजर बूथरॉईडला बोलावतात. मेजर पिस्तूल हातात घेऊन बघतो आणि शेरा मारतो, की हलकं आहे, बायकांच्या पर्समध्ये शोभेल. बाँडला हे झोंबतं. आपण हे दहा वर्षं वापरतोय, असं तो सांगून बघतो. साहेब ऐकत नाहीत. मी प्रमुख झाल्यापासून शून्य-शून्य शाखेतल्या माणसांचे बळी चाळीस टक्क्यांनी घटले आहेत, असा आकडा ते तोंडावर फेकतात. साहेबाने टक्केवारी काढली की हाताखालच्याने काय बोलायचं? नव्या वॉल्थर पीपीकेचा खोका बाँडच्या पुढ्यात येतो. तो खोका उचलतो, आणि त्याच्याच आडून जुनं बेरेटाही हळूच उचलून चालायला लागतो. दारापाशी पोचतो तोच मागून साहेबांचा आवाज येतो: बेरेटा इथेच ठेव. बाँड परत फिरतो, पिस्तूल टेबलावर ठेवतो, जातो.

नाना खुर्चीत पुढे सरकून बसले होते. 'जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही,' ते म्हणाले. 'हा साहेब तयार आहे.'

या मेजर बूथरॉईडची जन्मकथाही नानांना सांगावीच लागली. बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांना ग्लासगोहून जेफ्री बूथरॉईड नावाच्या बंदूकशौकिनाचं पत्र आलं होतं. तुमच्या नायकाला तुम्ही जे बेरेटा दिलंय ते बायकी आहे, असा पत्राचा आशय. फ्लेमिंगनी सूचना मान्य केली, पिस्तूल बदललं, आणि कादंबरीतल्या शस्त्राधिकाऱ्याला त्या गृहस्थाचंच नाव देऊन टाकलं. 'तक्रारदारालाच पदावर नेमलं?' नानांनी कौतुकाने मान हलवली. 'रामबाण उपाय आहे. लोक तक्रारी करायचेच थांबतील.'

बाँडला नोकर म्हणणं ही काही नानांची चेष्टा नव्हे. फ्लेमिंगनी 'मूनरेकर' या १९५५ सालच्या कादंबरीत त्याचा सगळा सेवातपशील देऊन ठेवला आहे. पगार वर्षाला पंधराशे पौंड, सनदी सेवेतल्या एका ठरावीक दर्जाचा. जिवावरच्या कामगिऱ्या वर्षाला दोन किंवा तीन. उरलेलं वर्ष साधारण दहा ते सहा कचेरी, आणि समोर फायली. पडद्यावरच्या मालिकेने ती दहा ते सहा कुठेतरी गाळून टाकली आणि उरलेल्या दोन-तीन कामगिऱ्यांवर संसार थाटला. 'डॉक्टर नो'मध्ये मात्र कचेरीचा वास अजून कपड्यांना आहे. कपडेही पाहण्यासारखे आहेत. शॉन कॉनरी हा एडिंबरातल्या कष्टकरी घरातला पोरगा, एके काळी घरोघर दूध घालणारा. यंगनी त्याला आपल्या शिंप्याकडे नेऊन सूट शिववले आणि अंगाला सवय व्हावी म्हणून सूट घालूनच झोपायला सांगितलं, असं म्हणतात. फ्लेमिंगना हा रांगडा गडी सुरुवातीला पसंत नव्हता. पुढे तो इतका पसंत पडला, की १९६४ च्या कादंबरीत त्यांनी बाँडला स्कॉटिश बाप देऊन टाकला. नोकरी लागल्यावर वंशावळ दुरुस्त होते, ती अशी.

तर बाँडसाहेब किंग्स्टनच्या विमानतळावर उतरतात. बाहेर गाडी उभी. ड्रायव्हर सलाम करून सांगतो, मी मिस्टर जोन्स, गव्हर्नमेंट हाउसने तुमच्यासाठी गाडी पाठवली आहे. पुढच्या चित्रपटांतला बाँड असता तर एव्हाना ड्रायव्हर हवेत उडाला असता. हा बाँड शांतपणे फोनपाशी जातो आणि गव्हर्नमेंट हाउसला विचारतो, तुम्ही गाडी पाठवली आहे का? पाठवलेली नसते. सगळी हेरगिरी एवढीच, एक फोन. मग तो मुद्दाम त्याच गाडीत बसतो, आडरानात जोन्सला ठोकून काढतो, आणि जोन्स विषारी सिगारेट चावून मरतो. त्याला मागच्या सीटवर ताठ बसवून बाँड गाडी हाकत गव्हर्नमेंट हाउसला येतो आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला बजावतो, हा पळून जाणार नाही एवढं बघा.

'आगमनाची वेळ तरी नोंदवली का कुणी?' नानांनी विचारलं. मृताबद्दल ते काही बोलले नाहीत. तो त्यांच्या शीर्षात येत नव्हता.

हॉटेलातल्या खोलीतला प्रसंग मला पूर्वी आठवतही नव्हता. आता सगळ्यात तोच आवडतो. बाहेर जाण्याआधी बाँड डोक्याचा एक केस उपटतो, थुंकी लावतो आणि कपाटाच्या दोन्ही दारांवर आडवा चिकटवतो. बॅगेच्या कड्यांवर पावडर भुरभुरवतो. परत येतो तेव्हा केस गायब, पावडर पुसलेली. कुणीतरी येऊन गेलं. मग तो खोलीतल्या उघड्या बाटलीला हात न लावता सीलबंद बाटली फोडतो. पुढे ज्या खात्याने अदृश्य होणारी मोटार बनवली, त्या खात्याचं पहिलं उपकरण म्हणजे थुंकी लावलेला केस. खर्च शून्य. आणि गंमत पुढे आहे: कॉनरीचं टक्कल तेव्हाच सुरू झालं होतं आणि सर्व बाँडपटांत त्याने टोप वापरला. म्हणजे तो केस नेमका कोणत्या खात्यातून खर्ची पडला, हे सांगणं कठीण.

या सगळ्या झडतीच्या वेळी मागे ती प्रसिद्ध धून वाजत असते. पहिल्या चित्रपटात ती कुठेही वाजते. बाँड विमानतळावरून चालला तरी वाजते, खोलीतली खुर्ची उचलून बघितली तरी वाजते. बनवणाऱ्यांना आपल्या हाती काय लागलंय ते कळलं होतं, फक्त ते कुठे वापरायचं हे ठरायचं होतं. आणि हाती लागलं होतं काय, तर एका घरजावयाची शिंक.

ही थट्टा नाही. संगीतकार मॉन्टी नॉर्मन यांनी ती चाल मूळ बाँडसाठी बांधलीच नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ साली आली. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या एका गरीब माणसाची ती गोष्ट. तिच्यावरच्या संगीतिकेसाठी नॉर्मननी गाणी केली होती. संगीतिका काही रंगमंचावर आली नाही. त्यातलं एक गाणं बिस्वासच्या अपशकुनी शिंकेवर होतं. हा बिस्वास जन्मला तोच पायाळू, हाताला सहा बोटं, आणि पंडिताने भाकीत केलं की याची शिंक अशुभ ठरेल. पुढे लग्न झालं आणि बिचारा सासरच्या 'हनुमान हाउस'मध्ये अडकला. आयुष्यभर एकच ध्यास, स्वतःचं घर. सतार-तबल्याच्या वळणाची ती चाल नॉर्मननी बाहेर काढली, जॉन बॅरी यांनी तिला पितळी वाद्यांचा पोशाख चढवला, विक फ्लिक यांच्या गिटारने तिला धार आली, आणि सासुरवाडीत पिचलेला मिस्टर बिस्वास जगातला सगळ्यात ऐटबाज पुरुष होऊन बाहेर पडला. हे मी नानांना रंगवून सांगितलं. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आमच्या बैठकीच्या खोलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'जावईबापू, हे घर तुमचंच आहे ना?' हप्ते अजून चालू आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तपासही कसा पुढे सरकतो बघा. बाँड मेलेल्या स्ट्रँगवेजच्या घरी जातो आणि कागद चाळतो. त्यात एक पावती सापडते. प्रोफेसर डेंट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेची, दगडांचे नमुने तपासल्याची. डेंट म्हणतो, नमुने टाकाऊ होते. बाँड लंडनहून गायगर काउंटर मागवतो, आणि नमुने ज्या होडीतून आले ती होडी तपासतो, तर काटा नाचायला लागतो. दगड किरणोत्सर्गी. ते आले होते क्रॅब की नावाच्या बेटावरून, आणि बेटाचा मालक आहे डॉक्टर नो. या बेटाची गव्हर्नमेंट हाउसमधली फाइल मागवावी तर ती जागेवर नाही, आणि फाइल सांभाळणारी मिस टॅरो दाराला कान लावून उभी. गोळीबार, पाठलाग, विषारी कोळी हे सगळं होतं खरं, पण गुन्हा उघडकीला येतो तो एका पावतीमुळे. नानांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. 'सांगत होतो ना,' ते म्हणाले. 'पावती ठेवावी.'

डेंटची गत मात्र नानांना पटली नाही. अंधारात बाँड पलंगावर उशा रचून, त्यांवर पांघरूण घालून, कोपऱ्यात पत्ते लावत बसतो. डेंट येतो आणि पांघरुणात धडाधड गोळ्या घालतो. नंतर संधी साधून पुन्हा पिस्तूल उचलून चाप ओढतो, तर नुसतं 'खट'. बाँड थंडपणे सांगतो, ते स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा गोळ्या झाल्या. मग निवांतपणे त्याला मारतो, वर एक गोळी जास्तीची. १९६२ साली निःशस्त्र माणसाला असं मारणारा नायक लोकांना नवाच होता. पण शस्त्रांचे जाणकार आजही वेगळ्याच कारणाने तळमळतात. डेंटच्या हातात दिसतं ते कोल्ट बनावटीचं पिस्तूल आहे आणि त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या असतात सात. म्हणजे एक शिल्लक होती! नानांनी ताबडतोब आक्षेप नोंदवला: शिल्लक साठा प्रत्यक्ष न मोजता मृत्यू घडवला.

आता थोडं जमैकाबद्दल. चित्रण झालं १९६२ च्या सुरुवातीला. त्या वेळी बेटावर इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून चित्रपटात गव्हर्नमेंट हाउस आहे, गोरे अधिकारी आहेत, संध्याकाळी क्लबात ब्रिजचा डाव आहे. ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला. चित्रपट लंडनमध्ये झळकला ५ ऑक्टोबरला. म्हणजे बाँडसाहेब साम्राज्याच्या ज्या कामगिरीवर निघाले, ते साम्राज्य तिकीटविक्री सुरू होईपर्यंत तिथून बिस्तरा गुंडाळून गेलं होतं. दौऱ्याचा आदेश निघावा आणि मुक्कामाचं कार्यालयच बंद व्हावं, हे खरं तर आपल्याला नवं नाही. पण बाँडला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. क्वॉरल नावाचा स्थानिक होडीवाला त्याच्या मदतीला आहे, धाडसी, कामाचा, समुद्र तळहातासारखा ओळखणारा. बेटावर पळापळ सुरू असताना बाँड त्याला सांगतो, माझे बूट आण. हे वाक्य तेव्हा कुणाला खटकलं नसेल. आज ते कानाला लागतं आणि त्यापुढचा विनोद थोडा वेळ घशातच राहतो.

बेटावर ड्रॅगन आहे अशी क्वॉरलची खात्री, आणि भीती घालवायला रमची बाटली सोबत. बाँड त्याला हसतो. ड्रॅगन बिगन काही नसतो, असला तर डिझेलवर चालणारा. रात्री ड्रॅगन येतो. खरोखरच डिझेलवर चालणारा, दात रंगवलेला, तोंडातून आग फेकणारा दलदलीतला रणगाडा. दोघांचंही म्हणणं खरं ठरतं, फक्त त्या खरेपणाची किंमत एकट्या क्वॉरलला मोजावी लागते. तो जळून मरतो. पुढे जेवणाच्या टेबलावर बाँड त्याच्या खुनाचा बदला घेईन म्हणतो खरा, पण शेवटी जगाचे आभार वसूल होतात तेव्हा क्वॉरलचं नाव कुणी काढत नाही. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'रोजंदारीवर होता ना. वारसाला काही मिळत नाही.'

त्याच बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रातून हनी रायडर बाहेर येते. पांढरी बिकिनी, कमरेला सुरा, हातात शिंपले. हे दृश्य इतकं गाजलं की उर्सुला अँड्रेसला उरलेल्या चित्रपटात काही करायची गरजच उरली नाही. बोलायचीही नाही, कारण पडद्यावर ऐकू येणारा आवाज निकी व्हॅन डर झिलचा आहे आणि गुणगुणणं डायना कूपलंडचं. सौंदर्य एकीचं, शब्द दुसरीचे, सूर तिसरीचे. पण हनीचं खरं आकर्षण वेगळंच आहे. ती बाँडला सांगते, की मी शाळेत गेले नाही. आमच्याकडे ज्ञानकोश होता, आठव्या वर्षी 'ए'पासून वाचायला लागले, आता 'टी'पर्यंत आले आहे, आणि तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. तिचं नशीब चांगलं म्हणून कोश इंग्रजी होता. मराठी विश्वकोशाच्या भरवशावर राहिली असती, तर पहिला खंड हातात पडायलाच १९७६ उजाडलं असतं आणि डॉक्टर नोला चौदा वर्षं ताटकळावं लागलं असतं.

डॉक्टर नो मात्र ताटकळणारा माणूस नव्हे. पाहुणचार करावा तर त्याने. कैद्यांना पकडून आणल्यावर गोड बोलणाऱ्या दोन स्वागतिका पुढे येतात. खोल्या तयार, कपाटात अंगच्या मापाचे कपडे, न्याहारी गरम. कॉफीत गुंगीचं औषध असतं, पण कप बशी सुरेख. रात्री खाना. टेबलाशेजारी भिंतभर मत्स्यालय, त्यात अजस्र मासे. बाँड बघतच राहतो तेव्हा डॉक्टर मनातलं ओळखून सांगतो, दहा लाख डॉलर. काचेचा खर्च. आता आतली गोष्ट अशी, की अख्खा चित्रपटच जेमतेम दहा लाख डॉलरमध्ये झाला होता. खलनायकाच्या एका काचेची किंमत निर्मात्यांच्या सगळ्या पुंजीएवढी. माशांचं चित्रण बाहेरून आणलेलं, आणि ते होते छोटे. मोठे करून दाखवल्यावर देवमाशासारखे दिसायला लागले. मग संवादातच घालून टाकलं, की काच भिंगाची आहे म्हणून मासे मोठे दिसतात. त्रुटी लपत नसेल तर तिला टिप्पणीत घ्यावी. नाना म्हणाले, हे त्यांच्या खात्यातून शिकून गेलेले असावेत.

नेपथ्यकार केन ॲडम यांच्या हाती सगळ्या सेटसाठी सुरुवातीला चौदा हजार पौंड होते. बाकीची मंडळी जमैकात ऊन खात असताना त्यांनी इकडे लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत एकट्याने ठोकाठोक केली. डेंटला डॉक्टर नो भेटीला बोलावतो ती खोली बघा. उघडा हॉल, एक खुर्ची, एक टेबल, आणि छताला मोठं गोल भोक, त्यावर जाळी. जाळीची सावली भिंतीवर पडते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सामानाला पैसे नव्हते म्हणून सावली वापरली. पुढच्या साठ वर्षांतल्या एकूण एक खलनायकांनी रिकाम्या भव्य खोल्या बांधल्या त्या याच काटकसरीच्या पोटी.

जेवायला जाताना बाँड जिन्यापाशी एका चित्राजवळ थबकतो आणि वळून बघतो. ते गोयाने काढलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र. ऑगस्ट १९६१ मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चोरीला गेलं होतं आणि सापडत नव्हतं. ॲडमनी त्याची नक्कल रंगवून डॉक्टर नोच्या घरात टांगली. अच्छा, इथे आहे होय, असं म्हणून प्रेक्षागृह हसलं. खरं चित्र १९६५ मध्ये मिळालं. मागून कबुली द्यायला पुढे आला तो केम्प्टन बंटन, न्यूकॅसलचा एक निवृत्त बसचालक. त्याचं म्हणणं काय होतं, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना टीव्हीचा परवाना फुकट मिळावा. पडद्यावर लोकांनी चोर म्हणून कोण कल्पिला, तर लोखंडी हातांचा, अणुभट्टी बाळगणारा, अमेरिकेची रॉकेटं वाट चुकवणारा राक्षस. प्रत्यक्षात कबुली द्यायला आला पेन्शनर. नानांच्या मनात बंटनबद्दल एकदम जिव्हाळा उत्पन्न झाला. ते पेन्शनर आहेत आणि केबलचं भाडं वाढल्यापासून तेही स्वस्थ नाहीत. मी हॉलमधल्या राजा रविवर्म्याच्या छापील चित्राकडे एकदा बघून घेतलं.

खाण्याआधी पिणं. 'ढवळलेली नव्हे, हलवलेली' ही बाँडची मार्टिनी जगप्रसिद्ध आहे, पण या चित्रपटात ते शब्द बाँडच्या तोंडी नाहीतच. ते म्हणतो डॉक्टर नो, यजमान म्हणून, पाहुण्याची आवड लक्षात ठेवून. बाँडने स्वतः ते पहिल्यांदा म्हटलं १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये. म्हणजे नाव सांगायची ढब एका बाईची, पेय मागायची ढब एका खलनायकाची, धून एका घरजावयाची. बाँडचं स्वतःचं म्हणावं असं या चित्रपटात जे आहे, ते एकच: संशय. आणि तो त्याला खात्याने शिकवलेला आहे.

जेवताना डॉक्टर आपली सगळी योजना समजावून सांगतो. ती सांगण्याची काहीच गरज नसते, पण बेटावर बोलायला माणूस नाही, त्याचं तरी काय चुकलं? केप कॅनाव्हरलहून सुटणारी रॉकेटं तो रेडिओ लहरींनी पाडणार आहे. पूर्वेने नाकारलं, पश्चिमेने नाकारलं, म्हणून तो स्पेक्टर नावाच्या संघटनेत गेला आहे. तिच्यात दहशत, सूड, खंडणी असे रीतसर विभाग आहेत. बाँडलाही तिथे जागा देता येईल, असं तो सुचवून बघतो. बाँड म्हणतो, मग मी सूड विभागात जाईन. डॉक्टरची निराशा होते. तू एक मूर्ख पोलीस निघालास, असं म्हणून तो उठतो. इतकी चांगली खासगी नोकरी चालून आलेली असताना सरकारी चाकरी न सोडणारा माणूस बघून नाना हेलावले.

शेवट उरकल्यासारखा आहे. कोठडीच्या हवेच्या नळीतून बाँड निसटतो. ती नळी माणूस मावेल एवढी का केली, हे वास्तुरचनाकारालाच ठाऊक. तंत्रज्ञाचा पोशाख चढवून तो नियंत्रणकक्षात शिरतो आणि एक मोठं चाक धोक्याच्या दिशेने गरागरा फिरवत सुटतो. अणुभट्टी तापते, सगळे पळतात. डॉक्टर नो कुंडात घसरतो, आणि ज्या लोखंडी हातांनी त्याने सगळ्यांना धाकात ठेवलं, त्या हातांना गुळगुळीत लोखंड धरता येत नाही. चित्रपट झळकल्यावर पंधरवड्यातच खऱ्या जगात क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध दाराशी येऊन उभं राहिलं, तेही जमैकाच्या अगदी शेजारच्या बेटावर. तिथे फिरवायला असं एखादं चाक नव्हतं. तेरा दिवस पत्रं लिहावी लागली.

बाँड आणि हनी होडीतून निघतात, वाटेत इंधन संपतं. त्याचा अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर नौदलाची बोट घेऊन येतो आणि दोर टाकून होडी ओढायला लागतो. बाँड तो दोर हळूच सोडून देतो. कामगिरी झाली, साहेबांना निरोप गेला असणार, आता मुख्यालयी रुजू व्हायला एक-दोन दिवस उशीर झाला तर झाला. नोकरदाराच्या आयुष्यातला याहून गोड गुन्हा कुठला?

पुढच्या बाँडांना हा गुन्हाच करता येत नाही. १९८९ पासून ते राजीनामा काय देतात, परवाना काय फेकतात, साहेबांचं न ऐकता जग काय हिंडतात. वेळेवर जायला कचेरीच नसेल तर उशिरा जाण्यात कसली मजा? 'मूनरेकर'मध्ये फ्लेमिंगनी शून्य-शून्य शाखेतून निवृत्तीचं वय पंचेचाळीस लिहून ठेवलं होतं. रॉजर मूर 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये सत्तावन्न वर्षांचे होते. म्हणजे बारा वर्षांची मुदतवाढ, आणि ती कुणाच्या सहीने दिली त्याचा कागद नाही. २०२१ मध्ये पंचविसाव्या चित्रपटात बाँड सेवेत असतानाच गेला, तेव्हा कुठे ते पद रिक्त झालं.

हे सगळं ऐकून नानांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बाँडबद्दल काहीतरी भलं बोलतील. अमेरिकेचं रॉकेट वाचलं, एक दुष्ट माणूस बुडाला, एक मुलगी सुटली, वर्तनात थोडी हयगय सोडली तर दौरा यशस्वी म्हणायला हरकत नव्हती. नाना म्हणाले, 'दौरा मंजूर. फक्त क्रॅब की बेटावरच्या मुक्कामाचं बघावं लागेल. तिथे राहणं-जेवण फुकट होतं. त्या दिवसांचा दैनिक भत्ता चतुर्थांशच मिळेल.'